खाजणे, खाजवणे

शरीराच्या तक्रारींसाठी मराठीत क्रियापदे मुबलक आहेत. डोके ठणकते, दाढ ठसठसते, पोटात मुरडा येतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, जखमेवर औषध पडले की ती चरचरते. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात अशा वेळी इंग्रजी भाषा कशी तोकडी पडते याची तक्रार केली आहे. मराठी वाचकाला ती तक्रार तितकीशी मनापासून पटणार नाही. तरीही आपल्या या भरल्या घरात एका संवेदनेला नेहमीच मागच्या दाराशी बसवलेले दिसते. ती संवेदना म्हणजे खाज.

'दुखणे' हे मुळात क्रियापद. त्याचे पुढे नाम झाले आणि ते नाम एकूण आजाराचेच नाव होऊन बसले. माणूस दुखणाईत होतो, दुखण्याने अंथरूण धरतो, दुखण्यातून उठतो. 'खाजणे' या क्रियापदाला असा मान कधी मिळाला नाही. त्याच्यापासून जे नाम झाले ते दोन ठिकाणी वापरले जाते: एक त्वचेसंबंधी, आणि दुसरे शिवीच्या आसपास. "फार खाज आहे का?" या प्रश्नात त्वचेचा काही संबंध नसतो. कंड जिरवायचा असतो तो दुसऱ्याचा, आणि 'खाजवून खरूज काढणे' हा तर भांडखोराचा धर्म. आणखी एक गंमत पाहा. वेदना 'होतात', ताप 'येतो', पण खाज 'सुटते'. वारा सुटतो, घाम सुटतो, बांधलेले जनावर सुटते, त्यातलाच हा प्रकार. ज्याला सुटते त्याने ती आवरायला हवी होती, असा एक अस्फुट आरोप त्या क्रियापदातच आहे, असे मला वाटते.

हे सारे मी वर्गात कधी शिकवलेले नाही. या शब्दांकडे बघणे मला भाग पडले ते वडिलांच्या आजारामुळे, आणि त्या आजाराला नाव मिळेपर्यंतच्या साडेचार वर्षांमुळे.

ठाकुर्ली हे कल्याण आणि डोंबिवली यांच्यामधले स्थानक. जलद गाड्या इथे थांबत नाहीत. गावाची ओळख दीर्घकाळ होती ती रेल्वेच्या वीजकेंद्रामुळे. जी. आय. पी. रेल्वेच्या काळात उभे राहिलेले चोळ्याचे हे पॉवर हाऊस गाड्यांना वीज पुरवी. बाबा १९६२ साली तिथेच नोकरीला लागले आणि ते बंद पडल्यावर बदली होऊन कल्याणला गेले. २००१ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या दिनक्रमात रेल्वे एकाच रूपाने उरली: सकाळी साडेपाचला घरातून निघायचे आणि रुळांच्या कडेकडेने, मोकळ्या जागांमधून, पत्रीपुलाच्या दिशेने तासभर चालून यायचे. नव्वद फुटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना आज इमारतींची रांग आहे. तेव्हा बरीच जमीन मोकळी होती, आणि पहिला पाऊस पडला की ती कमरेइतक्या उंचीच्या, पांढऱ्या बारीक फुलांच्या हिरव्या झुडपांनी भरून जाई. लांबून पाहिले तर कोणी कोथिंबीर पेरली आहे असे वाटे. गणपतीच्या आधी सोसायटीचे आवार स्वच्छ करण्याचे काम बाबांनी आपण होऊन अंगावर घेतले होते. ती झुडपे ते मुळासकट उपटत आणि कोपऱ्यात वाळत टाकत.

२००४ च्या पावसाळ्यात त्यांच्या पापण्या सुजल्या. मग मान, कानामागची जागा, कोपरांच्या खोबणी. कातडी आधी लाल झाली, मग ओलसर आणि मग खरखरीत. दिवाळीपर्यंत सारे ओसरले. पुढच्या पावसाळ्यात ते परत आले आणि होळीपर्यंत राहिले. तिसऱ्या वर्षी ऋतूचा हिशेब संपला.

बाबा 'खाज' हा शब्द उच्चारत नसत. डॉक्टरांसमोरही नाही. "अंगाची आग होते," असे सांगत. आग होणे हे सभ्य आहे, त्यात सोसणे आहे. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी उष्णतेचे औषध दिले, आणि ते ऐकलेल्या तक्रारीला धरूनच होते. शेजाऱ्यांचे निदान वेगळे होते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून रात्री येणारा उग्र दर्प आमच्या भागात सर्वांच्या परिचयाचा, त्यामुळे 'केमिकल' हे उत्तर तयारच असे. (त्याच वसाहतीतला रस्ता फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी झाला आणि त्याची छायाचित्रे राज्यभर पोचली, हे वाचकांना आठवत असेल. संशय अगदीच निराधार होता असे कोणी म्हणू नये.) औषधाच्या एका दुकानात मलमाची एक नळी मिळे. तीत स्टेरॉइड, बुरशीवरचे औषध आणि जंतूंवरचे औषध एकत्र असे. नळी स्वस्त होती, चिठ्ठी कोणी मागत नसे, आणि पंधरा दिवस चेहरा निवळे. सोळाव्या दिवशी सगळे दुपटीने उसळून येई. स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना देऊ नयेत, अशी कडक तरतूद आपल्याकडे २०१८ साली झाली. तोवर अशा नळ्यांवर किती घरांनी किती वर्षे काढली असतील!

रात्री हा त्रास वाढे. अंथरुणाच्या उबेने खाज चढते, आणि लक्ष गुंतवायला दुसरे काही नसते. आईने त्यांची नखे बोटांच्या मांसापर्यंत कापली, तेव्हा ते फणी वापरू लागले. फणी लपवली तेव्हा दाराची चौकट होतीच. शेवटची लोकल गेल्यावरच्या शांततेत त्या चौकटीवर पाठ घासल्याचा आवाज येई, आणि घरातले आम्ही सारे जागे असूनही झोपलेले असू. कारण आम्ही जागे आहोत हे कळले तर ते थांबतील, हे आम्हाला ठाऊक होते.

'खाजवणे' या क्रियापदाकडे माझे लक्ष गेले ते अशाच एका रात्री. बसणे-बसवणे, हसणे-हसवणे, रडणे-रडवणे. 'व' लागला की क्रिया दुसऱ्याकडून घडवली जाते, हे प्रयोजकाचे रूप आपण शाळेत शिकतो. त्या न्यायाने खाजणे-खाजवणे. हिंदीत 'खुजलाना' हे एकच क्रियापद दोन्ही अर्थांनी चालते. इंग्रजीत खाज सुटण्याचा आणि खाजवण्याचा शब्द अगदी वेगवेगळा आहे. मराठीत मात्र, रूपावरून पाहिले तर, पाठ खाजवणे म्हणजे पाठीला खाजायला लावणे. व्याकरणाचे जाणकार लगेच सांगतील की 'व' लागलेले प्रत्येक रूप अर्थाने खरे प्रयोजक नसते, आणि ते बरोबरच आहे. पण त्वचारोगाच्या कुठल्याही पुस्तकात जे चक्र सांगितलेले असते तेच या रूपात आहे. नखाने त्वचा ओरबाडली की तिच्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात, दाह वाढला की खाज वाढते, आणि वर्षानुवर्षे घासलेली कातडी जाड होऊन तिच्यावरच्या रेषा पन्हाळींसारख्या खोल होतात. बाबांच्या मानेवर त्या बोटाला लागत.

खाजवल्याने क्षणभर बरे वाटते ते का, याचेही उत्तर आहे. खाजवणे ही एक छोटी इजा असते. तिची वेदना मज्जारज्जूत खाजेचा निरोप दाबून टाकते. वेदना ओसरली की निरोप पुन्हा सुरू होतो. सतराव्या शतकात हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्याच मुळी 'खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना' अशी केली, आणि आजही पाठ्यपुस्तके तिथूनच सुरुवात करतात. संवेदनेची व्याख्या तिच्यातून उपजणाऱ्या इच्छेने करावी लागते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. विसाव्या शतकाचा बराच काळ तर खाज म्हणजे सौम्य वेदना असेच मानले जाई. माणसाच्या त्वचेत खाजेचे स्वतंत्र चेतातंतू आहेत असा पुरावा जर्मनीतल्या संशोधकांनी दिला तो १९९७ साली. तोवर खाजेला शास्त्रातही दुखण्याच्या हाताखालीच काम करावे लागत होते.

जानेवारी २००९ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात बाबांच्या पाठीवर पट्टी-चाचणी झाली. ज्यांची बाधा होऊ शकते अशा पदार्थांचे सूक्ष्म अंश छोट्या वाट्यांतून पाठीवर चिकटवतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढून पाहतात, आणि चौथ्या दिवशी पुन्हा. तोवर पाठीला पाणी लावायचे नाही, आणि खाजवायचे तर मुळीच नाही. चौथ्या दिवशी पाठीवर एकच जागा लाल होऊन फुगलेली होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी तक्त्यात पाहिले आणि विचारले, "काका, तुमच्याकडे गाजर गवत आहे का हो?"

मोकळ्या जागेतली ती पांढऱ्या फुलांची झुडपे म्हणजे गाजर गवत, अर्थात पार्थेनियम. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. मूळचे ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. भारतातला त्याचा अलीकडचा इतिहास सुरू होतो तो पुण्यात. १९५५ साली प्रा. परांजपे यांना ते तिथे उकिरड्यावर उगवलेले दिसले, आणि पुढच्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात राव यांनी भारतासाठी नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद केली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतल्या गव्हाबरोबर हे बी आले असे आपण सर्वजण सांगत आलो. पण त्या योजनेखालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे, आणि झाडे आधीच्या वर्षी दिसली होती. गहू त्याही पूर्वी, १९५१ च्या कर्जाऊ मदतीतून येत होता, तेव्हा बी एखाद्या आधीच्या पोत्यातूनही आले असेल. शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जुन्या नोंदींत हे झाड भारतात त्याहून कितीतरी आधी भेटते. पी. एल. ४८० ची कथा लोकांनी इतक्या आवडीने जपली, कारण मिंधेपणाच्या भाकरीची आठवण तिच्यात शाबूत राहते. सत्तेवरच्या पक्षाचे नाव तणाला चिकटले तेही बहुधा याच मनोवृत्तीतून, जरी काहींना पांढऱ्या फुलोऱ्यात पांढऱ्या टोप्या दिसतात.

वैद्यकीय इतिहासही पुण्यातूनच सुरू होतो. या झाडाने होणाऱ्या त्वचादाहाचा एक रुग्ण डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी १९६८ साली भारतीय त्वचारोग नियतकालिकात नोंदवला. १९७४ साली लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन यांच्यासह इंग्लंडमधल्या नियतकालिकात सविस्तर निबंध लिहिला. आपल्या खाजेचा पहिला वाचक सव्वाशे किलोमीटरवरच्या शहरात चाळीस वर्षांपूर्वीच होऊन गेला होता, हे बाबांना मी सांगितले. त्यांना त्याचा आनंद झाला. आजाराला माणसांची नावे जोडलेली आहेत, गाव आहे, साल आहे, याचा आनंद. रेल्वेतल्या माणसाला नोंदवहीतल्या नोंदीची किंमत असते.

झाडातला दोषी पदार्थ म्हणजे पार्थेनिन. पानांवरच्या आणि देठांवरच्या बारीक लवेत तो असतो. झाड वाळले की ही लव आणि चुरा वाऱ्यावर उडतो आणि उघड्या त्वचेवर बसतो. म्हणून चेहरा, पापण्या, मान. झाडाला हात लावलाच पाहिजे असे नाही. पहिल्या ओळखीला काही होत नाही. कित्येक वर्षे काहीच होत नाही. मग केव्हातरी शरीराच्या संरक्षक पेशी त्या पदार्थाला शत्रू ठरवतात, आणि त्यानंतर दर भेटीत एक-दोन दिवसांनी दाह उठतो. या पेशींना शास्त्रात स्मृतिपेशी म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने या शब्दावर भाळून जाऊ नये, असे मी स्वतःला बजावत आले आहे. ही स्मृती कशाचाही अर्थ लावत नाही. ती फक्त विसरत नाही.

आता थोडे 'कुष्ठ' या शब्दाविषयी. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. आपण ज्याला इसब म्हणतो त्याच्या जवळची विचर्चिका, तसेच पामा आणि दद्रू, ही सर्व क्षुद्रकुष्ठांत मोडतात. म्हणजे तिथे कुष्ठ हे त्वचाविकारांचे व्यापक नाव आहे. मराठीत हा शब्द आक्रसत एका रोगापुरता उरला, आणि त्या रोगाभोवतीची सारी भीती त्यात साठली. अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी आणि आनंदवनात बाबा आमट्यांनी ज्या भीतीशी आयुष्यभर झुंज दिली ती हीच. अर्थ आक्रसला, पण भीती जुन्या व्याप्तीवरच पसरून राहिली. मानेवर चट्टा असलेला प्रत्येक माणूस लोकलच्या डब्यात जुन्या, चरकाच्या अर्थाने कुष्ठी असतो. चौथ्या सीटवर बसणे म्हणजे खांद्याला खांदा लावून बसणे. बाबा टेकले की तिसऱ्या सीटवरचा प्रवासी उभा राही. उतरायचे आहे असे दाखवी आणि दाराशी जाऊन थांबे. ठाकुर्ली आले तरी तो उतरत नसे.

स्पर्शाने न पसरणारा हा आजार आहे, असे कागद डॉक्टरीणबाईंनी लिहून दिला होता. बाबा तो खिशात बाळगत. त्यांनी तो कोणाला दाखवल्याचे मला माहीत नाही. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिला उचलून घेताना ते आधी पूर्ण बाह्यांचा सदरा घालत आणि गळ्याचे बटण लावत. मे महिन्यातही.

प्लेटोच्या 'गॉर्जिअस' या संवादात सुखवादी कॅलिक्लीसला सॉक्रेटीस विचारतो की, एखाद्याला खाज सुटली आहे, हवे तितके खाजवण्याची मोकळीक आहे आणि तो आयुष्यभर खाजवतच राहिला, तर त्याचे आयुष्य सुखी म्हणायचे का? कॅलिक्लीस चिडतो. प्रश्न त्याला असभ्य वाटतो. सॉक्रेटीस मग आणखी असभ्य होऊन विचारतो की, डोक्यापुरतेच खाजवले तर, की आणखी कुठे खाली गेले तर? हा उतारा मी वर्गात अनेकदा सांगितला आहे आणि मुले नेहमी हसतात. युक्तिवाद बिनतोड आहे यात शंका नाही. इच्छेची पूर्ती हेच सुख मानले तर खाजवणारा परमसुखी ठरतो. पण त्या संवादात खाज सुटलेला माणूस कुठे आहे? तो केवळ दृष्टान्त आहे, दोन निरोगी माणसांच्या वादातला. दान्तेने नरकाच्या आठव्या वर्तुळात खोटे सोने करणाऱ्या किमयागारांना अंगावरच्या खपल्या नखांनी ओरबाडत बसवले. तिथे खाज ही शिक्षा आहे, म्हणजे पुन्हा चारित्र्याचीच गोष्ट. क्षयाने आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत किती नायक-नायिकांना हळुवार मरण दिले! खाजेने कोणाला मरण येत नाही, आणि खाजवणाऱ्या माणसाला करुण रसाचा आलंबनविभाव करणे कठीण आहे. तो पाहताक्षणीच हास्याकडे किंवा बीभत्साकडे झुकतो. हा दोष लेखकांचा असेल, रसव्यवस्थेचा असेल किंवा पाहणाऱ्या डोळ्याचा असेल. बाबांच्या बाबतीत तो शेवटचा असावा, कारण त्यांनी फणी पाठीमागे नेली की आम्हाला रडू येत नसे. आम्ही नजर वळवत असू.

उपचाराचे सांगायचे तर अझाथायोप्रिनच्या गोळ्या, दर काही आठवड्यांनी रक्ताची तपासणी, आंघोळीनंतर अंग ओले असतानाच लावायचे साधे मलम, पूर्ण बाह्या. आणि सकाळचे चालणे बंद. पहिल्या चार गोष्टी त्यांनी सरकारी परिपत्रकासारख्या पाळल्या. पाचवीसाठी महिनाभर घरात कोणाशी बोलले नाहीत. मग ते इमारतीच्या जिन्यावर चालू लागले, चार मजले वर, चार खाली, साडेपाचला. झाडे उपटायची तर फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून आणि ज्याला बाधा नाही त्याने, असा नियम त्यांनी सोसायटीच्या फलकावर स्वतःच्या अक्षरात लिहून लावला. मेक्सिकोहून आणलेला एक भुंगा हे गवत खातो, १९८४ मध्ये तो बंगळुरात सोडला होता, हे वाचल्यावर तो ठाकुर्लीत का नाही अशी विचारणा करणारे पत्रही त्यांनी एका कार्यालयाला पाठवले. उत्तर आले नाही.

खाज गेली नाही, पण माणसाळली. पावसाळ्यात चार-सहा आठवडे ती यायची. मला आठवते, एकदा तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी कसे काय आहे विचारले तेव्हा ते म्हणाले, "खाज आहे, पण झोप लागते." तो शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. दोघेही पुढच्या रक्ततपासणीबद्दल बोलू लागले.

एक गोष्ट मात्र कागदावर नव्हती आणि ती आम्हाला उशिरा कळली. गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातले. त्याच कुळातली शेवंतीही. एकाची बाधा असलेल्यांपैकी काहींना दुसऱ्याचीही होते. बाबांना ती होत होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आई शेवंतीची वेणी माळायची, पूजेलाही शेवंतीच असायची, आणि हिवाळ्यात, सगळीकडचे गवत वाळल्यावर, त्यांच्या पापण्या का सुजतात याचे कोडे इतकी वर्षे सुटत नव्हते. त्या वर्षीपासून आईने अबोली आणली. अबोलीला वास नसतो, त्यामुळे देव्हाऱ्यात काही ठेवले आहे असे वाटत नाही, असे ती म्हणायची, पण पुन्हा शेवंती घरात आली नाही. बाबा २०२२ साली गेले, हृदयविकाराने, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. डोंबिवलीहून हार आणायला निघालेल्या शेजारच्या मुलाला आईने जिन्यापर्यंत जाऊन सांगितले की हार गुलाबाचा आण, शेवंतीचा नको, त्यांना चालत नाही.